पीठ मळणारी

१३ जुलै, रविवार. जळगाव

नवी वही उघडली. मागची मार्चमध्ये बारावीच्या पेपरांखाली गाडली गेली ती परत वर आलीच नाही. आता रोज नाही, पण जमेल तेव्हा लिहायचं ठरवलं आहे. ठरवायला काय जातं!

निमित्त असं की आठ ऑगस्टला धुळ्यात आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांची कार्यशाळा आहे. प्रत्येकाने एक जुना इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचा जन्म, वाढ, आजची अवस्था वीस मिनिटांत सांगायची. पारोळ्याच्या एका सरांनी ‘किंग’ घेतला. त्यांना शोभतो. मी ‘लेडी’ घेतला. स्टाफरूमच्या फळ्यावर लिहून सगळ्यांना विचारलं, हा शब्द कुठे कुठे ऐकता? पाच मिनिटांत फळा भरला. लेडी डॉक्टर, लेडीज टेलर, लेडीज सायकल, लेडीज डबा, लेडीफिंगर म्हणजे भेंडी. शिपायाने दारातूनच भर घातली, “मॅडम, लेडीज फर्स्ट!” म्हणजे सासरी येऊन बाई चांगली नांदते आहे. तिच्या माहेरी काय होतं ते आता शोधायचं.

हे आज बोदवडला गेलेत. यांची ठिबकच्या नळ्यांची एजन्सी. गेली दोन-तीन वर्षं बोदवडकडचं काम इतकं वाढलंय की आठवड्यातून दोनदा जावंच लागतं. “भर पावसाळ्यात ठिबक कोण बसवतं हो?” असं मी सकाळी विचारलं. म्हणाले, “दुरुस्त्या पावसाळ्यातच निघतात गं.” असेल. शेतीतलं मला काय कळतं? माझी नजर वर्गातली. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने ओढणीत काय लपवलंय ते मी दारातून सांगते. वीस वर्षांत माझ्या वर्गात कॉपी सुटलेली नाही.

१६ जुलै, बुधवार

सापडलं!

हजार-बाराशे वर्षांपूर्वी हा शब्द ‘हलॅफदीये’ असा काहीतरी होता. (उच्चार कार्यशाळेत कोणी तपासणार नाही.) पहिला अर्धा म्हणजे भाकर, ज्याचा आज ‘लोफ’ झाला. दुसरा अर्धा पीठ मळण्याशी नातं सांगणारा. मळलेल्या कणकेला इंग्रजीत ‘डो’ म्हणतात, तो याच घरातला. म्हणजे लेडी कोण? पीठ मळणारी! काही पंडितांना दुसऱ्या अर्ध्याची खात्री वाटत नाही, पण खात्री न वाटणारे पंडित कुठल्या गावात नसतात?

‘लॉर्ड’ही त्याच चुलीजवळचा. त्याचा मूळ अर्थ भाकर राखणारा. आणि एक तिसरा शब्द होता, तो आता मेला. त्याचा अर्थ भाकर खाणारा, म्हणजे घरावर पोसलेला आश्रित. एक घर, त्यात एक मळणारी, एक राखणारा आणि बाकीचे खाणारे. पुढे राखणारा चढत चढत सरदार झाला, मग देवच झाला. मळणारीही चढली. आधी घराची मालकीण, मग सरदाराची बायको, चर्चमध्ये तर साक्षात मेरीमाता. कपाशीवरचा मावा खाणारा तो लाल ढालकिडा आहे ना, त्याचं लेडीबर्ड हे नाव मेरीमातेवरूनच पडलं. पंचवीस मार्च हा तिचा दिवस, लेडी डे, आणि १७५२ पर्यंत इंग्लंडचं नवं वर्ष त्या दिवशी सुरू व्हायचं. नंतर मात्र शब्द स्वस्त होत गेला आणि कुठल्याही बाईला लागू झाला. गंमत अशी, की जिचे हात पिठात नसतात तिलाच आता लेडी म्हणतात.

रात्रीच्या जेवणात यांना सगळं सांगितलं. “म्हणजे मी लॉर्ड?” म्हणाले. मी म्हटलं, “भाकर राखणारा. राखता का?” हसले नाहीत. “भाजी वाढ,” एवढंच. यांचं आणि विनोदाचं हल्ली पटत नाही.

जाता जाता एक. गाडीच्या डिकीत छत्री शोधताना ग्राइप वॉटरची बाटली सापडली. म्हणाले, बोदवडच्या एका शेतकऱ्याने पित्तावर सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आणि ग्राइप वॉटर! मी हसून हसून बेजार झाले. उद्या झबलं शिवू का, असंही विचारलं.

२० जुलै, रविवार. धुळे

सासरी आले आहे. रोटाचे गहू मोजायचे होते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे जाड पोळ्या, लागतात, आणि रोटाचे गहू वाटीने किंवा किलोने मोजत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. बायकांची मूठ नसते. बायका निवडतात, दळून आणतात, मळतात, भाजतात. वीस वर्षं मी हे बघते आहे आणि यात काही बघण्यासारखं आहे असं मला आजवर वाटलं नव्हतं. या ‘लेडी’ने डोळे उघडले! टिपणाला घरचंच उदाहरण मिळालं म्हणून मी वही घेऊन सासूबाईंसमोर बसले.

आमच्या घरात पुरुष चार. सासरे गुलाबनाना, हे, धाकटे दीर दीपकभाऊजी आणि त्यांचा सातवीतला पियुष. आमची एकुलती एक लेक पुण्याला शिकते, तिची मूठ नसतेच.

आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) सुपातून पहिली मूठ उचलली, ओठांत नाव घेतलं, पातेल्यात सोडली, वर पाव मूठ. गुलाब. युवराज. दीपक. पियुष. मी वहीत चार रेघा ओढल्या. आईंनी डोळे मिटले आणि पाचवी मूठ उचलली.

“आई, चार झाल्या.”

“मोजेल शे मी.”

“पण तुम्ही पाच घातल्या.”

त्यांनी हात पदराला पुसले. “ते मनं काम शे. तू चहा ठेव.”

चहा ठेवला, पण चैन पडेना. गेलेल्या माणसांची मूठ नसते हे मला माहीत आहे. होणाऱ्या बाळाची म्हणावी, तर जाऊबाईंचं ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली. मी जाऊबाईंनाच विचारलं, “गेल्या वर्षी आईंनी किती मुठी घातल्या हो?” गेल्या वर्षी मी लेकीच्या प्रवेशासाठी पुण्यात होते. जाऊबाई “दूध उतू जातंय” म्हणून उठल्या. गॅसवर दूध नव्हतंच! म्हणजे जाऊबाईंनाही विसरायला होऊ लागलं की काय?

पण आई एकाहत्तरच्या आहेत. ज्या बाईने आयुष्यभर भाऊबंदांतल्या पन्नास माणसांचे वाढदिवस तोंडपाठ ठेवले, तिला स्वतःच्या घरातले चार पुरुष मोजता येऊ नयेत? मला धक्काच बसला आहे. माझ्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं. आधी आकडे गेले, मग माणसं.

२१ जुलै, सोमवार. जळगाव

यांना सांगितलं. चहाचा कप तसाच हातात राहिला. चेहरा पांढराफटक. “पाच?” म्हणाले. “तू नीट मोजल्यास?” मी वहीतल्या रेघा दाखवल्या. बराच वेळ गॅलरीत उभे होते. आईवर किती जीव आहे यांचा! मीच मेली घाई केली, हळूहळू सांगायला हवं होतं.

संध्याकाळी स्वतःच म्हणाले, “आईला डॉक्टरला दाखवू या. डोक्याच्या. आणि तोवर ती काहीबाही बोलली तर मनावर घेऊ नकोस.” किती समजूतदार माणूस.

२४ जुलै, गुरुवार

आईंना जळगावला आणलं. दवाखान्याच्या बाहेर गाडी लावून हे त्यांना कडुनिंबाखाली घेऊन गेले आणि पाच-दहा मिनिटं समजावत राहिले. मी लांबून पाहत होते. हात जोडले होते यांनी. आई जमिनीकडे बघत होत्या. घाबरल्या असतील बिचाऱ्या, डॉक्टर म्हटल्यावर.

डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. आईंनी काढलं, वर काटे अकरा दहाला लावून “आत्ता इतलाच वाजेल शेत” म्हणाल्या. तेवढेच वाजले होते. आंबा, खुर्ची, रुपया हे तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, ते दहा मिनिटांनी उलट्या क्रमाने सांगितले. शंभरातून सात सात कमी करायला सांगितलं, तर मी बोटांवर होते तोवर त्या बावन्नच्या खाली उतरल्या. मला तर हायसं वाटायला लागलं. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, “आजी, नातू किती तुम्हाला?”

आईंनी यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मलाच कसंतरी झालं.

“माले याद नही,” त्या म्हणाल्या.

“आजी, आठवून बघा.”

“नही ना, डॉक्टर. इसरी गवू मी.”

डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं चांगलं आहे, पण जवळच्या माणसांबाबत अडखळणं ही लक्ष ठेवण्यासारखी गोष्ट आहे. एक गोळी दिली, तीन महिन्यांनी बोलावलं. फाईल झाली.

पियुषला त्यांनी न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं. तो एकुलता नातू विसरल्या! मी बाहेर येऊन रडले. आईंनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “रडू नको, माय. माले काही व्हयेल नही.” आजार झालेल्याला आजार कळत नाही, तो हा असा.

२७ जुलै, रविवार. धुळे

घरात बैठक झाली. नाना, हे, दीपकभाऊजी आणि मी. नाना पूर्ण वेळ खाटेची नवार नखाने उसवत बसले होते. दीपकभाऊजींनी फक्त “दादा म्हणेल तसं” म्हटलं. ठरलं असं की आईंनी आता गॅसजवळ जायचं नाही, एकटीने देवळात जायचं नाही, आणि यंदाचे रोट मी मळायचे. भाऊबंद येतील त्यांना आधीच सांगून ठेवायचं, की आईला भ्रम होतो, काही बोलली तर कानाआड करा.

मला वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर थोडा अभिमानही वाटला. वीस वर्षं परात धुणारी मी, आता मळणारी. हलॅफदीये!

आईंना सांगायला मीच गेले. त्या देवघरापाशी वाती वळत होत्या. ऐकून घेतलं, वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, “मयजो तूच. पन गहू मोजेल शेत, त्यास्ले हात लावू नको.”

२९ जुलै, नागपंचमी. जळगाव

जाऊबाईंचा फोन. आई सकाळी नागोबाला लाह्या वाहायला निघाल्या तर दीपकभाऊजींनी बाहेरून कडी लावली होती. आई दाराला टेकून उभ्या राहिल्या, ओरडल्या नाहीत. शेजारणीने खिडकीतून विचारलं, “अक्का, तब्येत बरी नही का?” तर म्हणाल्या, “येडी व्हई गवू ना मी, तुले कोनी सांगं नही?”

पण सुरक्षेपुढे इलाज नाही. ‘विसरणाऱ्या माणसाची काळजी’ अशी अकरा कलमांची यादी मी टाइप करून घरच्या ग्रुपवर टाकली. यांनी अंगठा दिला.

२ ऑगस्ट, शनिवार. धुळे

आजच लिहिते. लिहिलं नाही तर मी खोटं पाडेन स्वतःला.

सकाळी रोटाचं दळण न्यायचं होतं. गिरणीवाल्या झिपरूभाऊंनी आज गिरणी धुऊन-पुसून ठेवली होती, फक्त रोटांचं दळण घेत होते. मी पातेलं पुढ्यात घेतलं आणि माझ्यातली परीक्षक जागी झाली. देवीच्या कामात चूक कशाला? चार माणसं, चार मुठी. आईंच्या आजारापायी देवीचं माप का चुकावं? मी एक मूठ गहू उचलून बाजूच्या ताटलीत टाकले. पाव मुठीला हात घातला.

कोपऱ्यात बसलेल्या आई कधी उठल्या ते कळलं नाही. माझं मनगट धरलं. एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या पंजात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं.

“हात काढ! त्यानी मूठ शे ती.”

“कोणाची, आई? चारच आहेत ना आपल्याकडे? आठवा बरं. नाना, हे...”

“माले नको शिकाडू. बठ्ठा याद शे माले.” मनगट सोडलं नव्हतं. “चौदा महिनानं लेकरू शे ते. त्यानी मूठ देवीमाईथून काढी लेशी? त्यानं काय चुकनं?”

“कुठलं लेकरू?”

त्या ताटलीतले गहू एकेक दाणा वेचून परत पातेल्यात टाकू लागल्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यात बोदवड आलं. पावसाळ्यातलं ठिबक आलं. ग्राइप वॉटर आलं. झबलं शिवू का, असं मी विचारलं होतं. हसत हसत विचारलं होतं!

“यांचं?” मी म्हटलं.

आईंनी होकारार्थी मान हलवली.

मग मी त्यांच्यावरच तुटून पडले. मला का सांगितलं नाही? दोन वर्षं माझ्या हातचं खाल्लं, माझ्याकडून डोक्याला तेल लावून घेतलं, आणि तोंडातून एक शब्द नाही?

“तुले सांगती ते तू ऱ्हाती का आठे?” त्या म्हणाल्या. “तुनं घर मोडतं. युवराज पाय पडना. झाडखाले हात जोडात त्यानी.”

कडुनिंबाखाली. मला वाटलं होतं, तो आईला धीर देतो आहे.

“मग डॉक्टरसमोर वेड का पांघरलंत? मी रडत होते तुमच्यासाठी!”

“तू पाच मुठी मोज्यात, मंग कोनले तरी येडं ठरनंच व्हतं. मी ठरनू.” पदराने डोळे पुसले. “मानसंसमोर मी येडी व्हई जासू, शिल्पा. पन देवीसमोर लबाड मूठ नही घालनार. पोऱ्या जल्मले उना शे, तो शे. नही कसं म्हनू?”

लेकराचं नाव पारस. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही.

संध्याकाळी युवराज आला. यापुढे या वहीत ‘हे’ नाही. गच्चीवर बोलावून विचारलं. नाकारलं नाही. तुला दुखवायचं नव्हतं, म्हणाला. होऊन गेलं, म्हणाला. मी म्हटलं, “ते नंतर बघू. स्वतःच्या आईला वेडी ठरवलीस? कडी लावलीत तिला? फाईल केलीत?”

तो म्हणाला, “ते तात्पुरतं होतं गं. कानबाई होईपर्यंत.”

तात्पुरतं! मला त्या बाळाचा धक्का बसला तो बसलाच, पण हा शब्द त्याहून लागला. आणि कडी लावायची बुद्धी या सगळ्यांना दिली कोणी? मी. वहीत चार रेघा ओढून. अकरा कलमं टाइप करून. मोठी आली कॉपी पकडणारी!

३ ऑगस्ट, रविवार. धुळे

सगळं उरकलं. आता लिहिते.

सकाळी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, ठुशी, हिरवी साडी. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला काहीच वाटलं नाही, हेही लिहून ठेवते. दुपारपर्यंत भाऊबंद जमले. चुलतसासरे, पुतणे, त्यांच्या बायका, तीस-पस्तीस माणसं. आल्यागेल्याने आईंना बघून सुस्कारे टाकले. एक चुलतसासूबाई मोठ्याने, बहिऱ्याशी बोलतात तशा बोलल्या, “पार्वताबाई, वळखं का माले?” आई म्हणाल्या, “वळखं. मनी पितळी परात लई गयी व्हती तू, आजून दिधी नही.”

आमच्याकडची रीत अशी, की मळायला बसणारी पिठाला पाणी लावण्याआधी एकेका पुरुषाचं नाव मोठ्याने घेते आणि भाऊबंद प्रत्येक नावाला “कानबाई राखो!” म्हणतात. परातीपुढचा पाट माझा होता. युवराज दारात उभा होता आणि डोळ्यांनी मला विनवत होता. त्याला वाटत असावं, चार नावं घेईल आणि निभावून नेईल.

मी रात्रभर ठरवत होते. आज सगळ्यांसमोर ते पाचवं नाव निघू दे. भाऊबंदांत भूकंप होऊ दे. कोण पारस, असं तीस तोंडांनी विचारू देत आणि याला उत्तर देऊ दे. मला त्याची तशी फजिती हवी होती. लपवत नाही.

मी उठले, आईंचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं. म्हटलं, “आईंना काही झालेलं नाही. त्यांना सगळं आठवतं. चूक माझ्या मोजण्यात होती. गहू पाच मुठी आहेत आणि बरोबर आहेत. रोट आईच मळतील.”

नानांनी मान खाली घातली.

आईंनी पिठावर हात ठेवला. “गुलाब.” भाऊबंद म्हणाले, “कानबाई राखो!” “युवराज.” “कानबाई राखो!” “दीपक.” “पियुष.” मग त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळून पाहिलं. घ्या, असं मी मानेनेच सांगितलं. आता होईल ते होईल.

“पारस,” आई म्हणाल्या.

“कानबाई राखो!”

त्याच सुरात. त्याच दमात. पियुषच्या नावाला जेवढा आवाज होता तेवढाच. मी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. चुलतसासरे, पुतणे, पुतण्यांच्या बायका, ज्यांच्या बाळंतपणांना मी डिंकाचे लाडू पाठवले त्या. सगळ्या पिठाकडे बघत होत्या. कोण पारस, असं एकानेही विचारलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार. जळगाव

सकाळी विसर्जन करून दुपारच्या एसटीने आले. आई माझ्याबरोबर आल्या. मी बोलावलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही; दोन लुगडी पिशवीत घालून शेजारी येऊन बसल्या. युवराजला धुळ्यातच थांबायला सांगितलं आहे. किती दिवस, ते मला माहीत नाही. एरंडोलला आई म्हणाल्या, “तू माले दोन दिवस शिव्या दी ले. मंग आपन बोलू.” मी दिल्या नाहीत. राग आहे, खूप आहे, पण तो वाटून द्यायला इतकी माणसं आहेत की त्यांच्या वाट्याला थोडाच येतो.

गोळ्यांची बाटली मी कचऱ्यात टाकली. फाईल घेऊन उद्या त्या डॉक्टरांकडे जाणार आहे आणि खरं काय ते सांगणार आहे. लाज वाटेल. वाटू दे. शुक्रवारचं व्याख्यान मी देणार आहे, टिपण मात्र पुन्हा लिहावं लागेल. राखणारा, मळणारी, खाणारे असं मी फार ऐटीत लिहून ठेवलं होतं. त्यातली मी कोण, याचं उत्तर मला गेल्या महिन्यात फार सोपं वाटत होतं.

लेकीला सांगायचं राहिलं होतं. सगळ्यात अवघड तेच. एकोणीस वर्षांची पोर, बापावर जीव. तिचं कॉलेज सुटेपर्यंत थांबले. काय शब्द वापरायचे ते कागदावर लिहून काढलं, खोडलं, परत लिहिलं. आई समोर बसून भेंडी चिरत होत्या. पाच वाजता फोन लावला. घाबरू नकोस म्हटलं, मी ठीक आहे म्हटलं. मग सांगितलं. बोदवड, चौदा महिने, पारस. सगळं एका दमात, जसं लिहिलं होतं तसं.

मला वाटलं, फोन कट झाला. मी दोनदा हॅलो म्हटलं. तिचा श्वास ऐकू येत होता.

मग ती हळूच म्हणाली, “मम्मी, तुला कुणी सांगितलं?”